उल्मकरांचं कुलसंमेलन

मला जर्मन येत नाही. तरी गेली काही वर्षं मी टेक्सासमधल्या जर्मन वंशाच्या लोकांना त्यांच्याच आडनावांचे अर्थ विकतो. यात लाज वाटण्यासारखं काही आहे की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. अमेरिकेत शरद ऋतू आला की गावोगावी जत्रा भरतात, तिथे सॉसेज आणि बिअरच्या तंबूंच्या ओळीत शेवटी एक लहानसा तंबू असतो. त्यात एक घडीचं टेबल, लॅपटॉप, प्रिंटर, लाकडी फ्रेमांचा ढीग, आणि टेबलामागे टक्कल पडलेला एक सावळा गृहस्थ. लोक आधी मला पाहतात, मग वर लावलेला 'तुमच्या जर्मन आडनावाचा अर्थ' हा फलक पाहतात, मग परत मला पाहतात. या तिसऱ्या पाहण्यावर माझा धंदा चालतो.

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं पहिल्यापासून माझ्याकडे. लग्नकार्यात पंगत उशिरा बसणार असली की कुणीतरी म्हणायचं, "याला बसवा रे पोरांसमोर." म्हणजे पोरांची भूक भुलवायला मी. मोठेपणी मी कॉम्प्युटरवाला झालो आणि टेक्सासमधल्या अर्विंगला येऊन पडलो, तेव्हा वाटलं सुटलो. पण पन्नाशीच्या तोंडावर कंपनीनं व्हिडिओ कॉलवरून हात जोडले. त्यानंतरच्या प्रत्येक इंटरव्ह्यूत पन्नाशीच्या कॉम्प्युटरवाल्याची कुणाला गरज नसते, हे मला अत्यंत आदरानं सांगण्यात आलं.

त्याच दिवसांत आमच्या इथल्या एका जत्रेत आडनावांचे अर्थ विकणाऱ्या बड नावाच्या म्हाताऱ्याचा लॅपटॉप अडला होता. मी सहज दुरुस्त करून दिला. बड म्हणाला, "तुला हे यंत्र समजतं, तर धंदाही घेऊन टाक. मी मुलाकडे ॲरिझोनाला चाललोय." घरी येऊन मी बायकोला, मेधाला, सांगितलं. ती म्हणाली, "तुला स्वतःच्या चुलतभावांच्या मुलांची नावं आठवत नाहीत, आणि तू जर्मन लोकांना त्यांची सांगणार?" मुद्दा बिनतोड होता. म्हणून मी धंदा घेतला.

मग वर्षभरात मेधाला पुण्याला जावं लागलं. तिच्या आईला माणसं ओळखू येईनाशी झाली होती. तीन महिन्यांसाठी म्हणून गेली, आणि अजून तिथेच आहे. तिचंही बरोबर आहे. ज्यांना आपण कोण हे आठवत नाही, त्यांना सोडून येणं जास्त अवघड. मुलगी रेवा बॉस्टनला. ती फोन करते, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चाललंय असं आम्ही दोघंही म्हणतो. तर शनिवार-रविवार मी व्हॅन घेऊन जत्रांना जातो. उरलेले दिवस अर्विंगच्या अपार्टमेंटमध्ये एकाच माणसाचा कुकर लावतो. एका माणसाचा भात कधीच नीट होत नाही, हा माझा शोध आहे.

धंदा सोपा आहे. गिऱ्हाईक आडनाव सांगतं, मी टाइप करतो, स्क्रीनवर मजकूर येतो. वर नावाचं मूळ, मध्ये अर्थ, खाली हे नाव आज किती लोक लावतात त्याचा आकडा. तो जाड पिवळट कागदावर छापायचा आणि फ्रेम करून द्यायचा. बडनं मला एकच गुरुमंत्र दिला होता, "तीन वाक्यांत सांगायचं. चौथ्या वाक्याला गिऱ्हाईक एकतर रडतं, नाहीतर शेजारी सॉसेज खायला जातं." बड फ्रेमवर ढाल-तलवारीचं राजचिन्हही छापून द्यायचा. ते मी बंद केलं. असलं चिन्ह एखाद्या माणसाला, फार तर त्याच्या घराला मिळालेलं असतं. त्या आडनावाच्या सगळ्या जगाला नव्हे. हे मी गिऱ्हाइकाला समजावून सांगतो, त्यामुळे माझी विक्री बडच्या निम्मी आहे.

अर्थ ऐकून लोक खट्टू होतात, हे मला आधी कळत नसे. प्रत्येकाला पूर्वज सरदार हवा असतो. निघतो म्युलर, म्हणजे गिरणीवाला, आणि तेही सगळ्यात जास्त खपणारं नाव. एक धिप्पाड माणूस, कोहलर नावाचा, सगळ्या कुटुंबाला घेऊन उभा होता. मी म्हणालो, "रानात लाकडं जाळून कोळसा करणारा." त्याची बायको इतकी हसली की तिच्या हातातली बिअर सांडली. तो नाही हसला. मग मीच म्हटलं, "साहेब, आमच्याकडे गाढवे आहेत, उंदरे आहेत, आगलावे आहेत. सगळे चांगले प्रतिष्ठित लोक. त्यातले एक तर माझे हेडमास्तर होते." अर्थ सांगितल्यावर तोही हसला आणि फ्रेम घेऊन गेला. कोळशाच्या धंद्याला माझ्यामुळे थोडी बरकत आली.

पण सगळेच असे हसत जात नाहीत. एकदा एक काळे वयस्कर गृहस्थ आले, सोबत त्यांची बायको. आडनाव झिगलर. मी उत्साहानं सुरुवात केली, "जर्मनीतलं नाव, अर्थ विटा-कौलं भाजणारा..." त्यांनी मान हलवत ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "आम्ही जर्मनीहून नाही आलो, बेटा. आमच्या आजोबांच्या आजोबांना विकत घेणाऱ्याचं ते नाव." माझं तिसरं वाक्य तिथेच राहिलं. त्यांनीच वाट काढून दिली. स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाले, "वरचं काढून टाक. खालचा आकडा ठेव. त्यात आम्ही आहोत." मी तसं छापलं. नाव, आणि खाली आकडा. मधला सगळा कागद कोरा. तेवढी सुंदर फ्रेम मी दुसरी केली नाही.

आता व्हर्नामावशींबद्दल.

टेक्सासच्या मध्यभागी चुनखडीच्या टेकड्या आहेत, आणि त्यांत जुनी जर्मन गावं. त्यातल्या एका गावच्या जत्रेत एक उंच, वाळकुडी म्हातारी सरळ आत आली आणि माझ्या दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"मला काही घ्यायचं नाही," ती म्हणाली. "माझे पाय दुखतायत."

"बसा की," मी म्हटलं.

ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. पुरुषी शर्ट, पायात शेतातले बूट. नाव व्हर्ना उल्मर. इकडच्या खेड्यांत वयस्कर बाईला नुसतं नावानं हाक मारत नाहीत, पुढे 'मिस' लावतात. तोंडानं मी मिस व्हर्ना म्हणत असे, मनात मात्र व्हर्नामावशी. त्यांचं बोलणं इथे मी मराठीत देतोय. मुळात ते टेक्सासचं ऐसपैस इंग्रजी होतं, प्रत्येक शब्दाला बसायला खुर्ची दिल्यासारखं.

त्यांचं नाव ऐकून मी मात्र खुर्चीतून उठलोच. "उल्मर! म्हणजे उल्मकर!"

"म्हणजे काय?"

मग मी बडचा मंत्र धाब्यावर बसवून चांगली तीस वाक्यं बोललो. जर्मनीत डॅन्यूब नदीवर उल्म नावाचं शहर आहे. त्यावरून उल्मर. आमच्याकडेही हेच, गावाच्या नावाला 'कर' लावला की झालं आडनाव. मी वडूजकर, वडूज गावचा. आणि गंमत म्हणजे असलं आडनाव गावात राहून मिळत नाही. उल्ममध्ये राहणाऱ्याला उल्मवाला कोण म्हणेल? तिथे सगळेच उल्मवाले. तो गाव सोडून दुसरीकडे जातो, तेव्हा तिथले लोक म्हणतात, तो बघा उल्मवाला आलाय. म्हणजे मावशी, तुमच्या नावाचा खरा अर्थ उल्मचा नव्हे, उल्म सोडून आलेला.

त्यांनी पाय लांब केले. मग म्हणाल्या, "तुझं ते वडूज कसं आहे?"

"मी पाहिलेलं नाही. पणजोबांनी सोडलं."

"मीही उल्म पाहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "चला, म्हणजे आपण दोघं कुठलेच नाही."

त्यानंतर त्या गावी माझा तंबू लागला की मावशी यायच्या. कधी काही विकत घेतलं नाही. खुर्चीत बसून गिऱ्हाइकांवर शेरे मारायच्या. "त्याला सरदार सांग, नाहीतर तो जाणार नाही." "ती श्नायडर ना? शिंपी. तिच्या आजीला बटण लावता येत नव्हतं." मी बटाट्याची धिरडी आणायचो, सफरचंदाच्या चटणीबरोबर आम्ही खायचो. एकदा मी विचारलं, तुमच्याकडे अजून कोणकोण उल्मर?

"मी," त्या म्हणाल्या. "भाऊ गेले, त्यांना मुलं नव्हती. नाव टिकवून ठेवलंय ते मीच. कारण मला लग्नाचं कुणी विचारलंच नाही."

हे त्या हसत म्हणाल्या. मीही हसलो. मग दोघांनीही धिरडं तोडायच्या निमित्तानं मान खाली घातली.

गेल्या हिवाळ्यात त्यांचा फोन आला. त्यांना गावातल्या वृद्धाश्रमात जायचं होतं आणि शेत विकायचं ठरलं होतं. शेताच्या कोपऱ्यात टेकडीवर घरची दफनभूमी होती. इकडे जुन्या शेतांत अशा असतात. दगडी कुंपण, ओकची दोन झाडं, आणि आत चार पिढ्यांचे उल्मर. नवा मालक तिला हात लावणार नव्हता, पण गवत कापणं, पडलेला दगड उभा करणं, हे करणारं कुणीतरी हवं होतं. आतापर्यंत ते मावशी करत आल्या होत्या.

"माझ्यानंतर तिथे झुडपं माजतील," त्या म्हणाल्या. "दोन पावसाळ्यांत आमची आई दिसायची नाही. मला एक उल्मर शोधून दे. तुझा धंदाच आहे ना तो?"

माझा धंदा तो नव्हता. पण फोनवर त्यांचा श्वास ऐकू येत होता, म्हणून मी हो म्हटलं.

आता इथे एखाद्या अमेरिकन माणसानं वकील गाठला असता, नाहीतर गावातल्या चर्चमध्ये सांगितलं असतं. मी मराठी. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, कुलसंमेलन!

मी दहा-अकरा वर्षांचा असताना बाबा मला वडूजकर कुलसंमेलनाला घेऊन गेले होते. कराडच्या एका शाळेचा हॉल, बाहेर कापडी फलक, शर्टाला टोचणारा नावाचा बिल्ला. जगातले यच्चयावत वडूजकर तिथे जमले होते आणि कुणीच कुणाला ओळखत नव्हतं. सर्वांत वृद्ध वडूजकरांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. त्या आजोबांना मध्येच बाथरूमला जायचं होतं, पण अध्यक्षांचं भाषण संपेना. जेवणात बुंदी की जिलबी यावरून दोन वडूजकर हमरीतुमरीवर आले. शेवटी दोन्ही केलं. आमची सुधाआत्या, तिचं सासर कराडलाच, पंगतीत वाढत होती, तिनं माझ्या पानात गुपचूप दोन जास्तीच्या जिलब्या टाकल्या. परत येताना एसटीत बाबा म्हणाले, "आडनाव एक, म्हणजे आपलीच माणसं." मला वाटतं, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात गर्दीचा दिवस होता.

रेवाला फोनवर बेत सांगितला. ती म्हणाली, "बाबा, सो यू आर थ्रोइंग अ पार्टी फॉर स्ट्रेंजर्स?"

"अगं, स्ट्रेंजर्स कसले? सगळे उल्मर."

"दॅट्स व्हॉट आय सेड," ती म्हणाली.

मी डिरेक्टरी चाळून आसपासच्या सगळ्या उल्मरांना टपालानं कार्डं पाठवली. गावातल्या कॅफेत आणि पशुखाद्याच्या दुकानात एकेक नोटीस लावायला मावशींना दिली. त्यावर ठळक अक्षरांत होतं, 'समस्त उल्मर परिवाराचं संमेलन. ज्यांचं आडनाव उल्मर, त्या सर्वांना आग्रहाचं निमंत्रण.' मसुदा माझा. कराडच्या फलकावरून जवळजवळ जसाच्या तसा उचललेला. मावशींनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे. वडील असंच म्हणाले असते."

वसंतातला शनिवार ठरला. जागा, गावच्या स्वयंसेवक अग्निशामक दलाचा हॉल. मी अर्विंगच्या इंडियन स्टोअरमधून शाल आणि नारळ घेतला. काउंटरवरच्या गुजराती काकांनी विचारलं, "पूजा छे?" मी म्हटलं, "जर्मन लोकांचा सत्कार आहे." त्यांनी नारळ जरा जपूनच पिशवीत घातला.

मावशींनी फ्रीजरमधले स्वतःच्या झाडाचे पीच काढून भलं मोठं गोड बनवलं होतं. निळा ड्रेस घातला होता. हॉलच्या दाराशी त्या अकरा वाजल्यापासून उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. घरातलं कुणीतरी दाराशी पाहिजे, म्हणाल्या.

उल्मर आले. अगदीच आले नाहीत असं नाही. ह्यूस्टनकडून एक घरं विकणारे उल्मर आले, त्यांनी प्रत्येकाला आपलं कार्ड दिलं, मलाही दोनदा. ओक्लाहोमाहून एक निवृत्त जोडपं आलं, फार सालस. एक तरुण उल्मर होता, तो जेवणाकडे बघून आला होता आणि ते त्यानं लपवलं नाही. मी सगळ्यांना बिल्ले लावले. खुर्च्या मात्र मी कराडच्या हिशेबानं मांडल्या होत्या. मोकळ्या खुर्च्यांतून ही एवढीशी माणसं एकमेकांना हात करत होती.

जेवताना प्रत्येकानं आपापली कूळकथा सांगितली. एकाचे पूर्वज पेनसिल्व्हेनियात शेकडो वर्षं होते. दुसऱ्याचे थेट स्वित्झर्लंडच्या बाजूनं आलेले. मावशींचे तिसऱ्याच वाटेनं. मी हे आधीच ओळखायला हवं होतं, खरं तर मीच त्यांना त्या पहिल्या दिवशी तीस वाक्यांत सांगितलं होतं. उल्म काही एकाच माणसानं सोडलं नाही. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या वाटांनी लोक निघाले आणि जो जिथे पोचला तिथे उल्मवाला झाला. यांचं नातं इतकंच की यांच्या पूर्वजांनी एकाच गावाकडे पाठ फिरवली होती. कराडच्या हॉलमधले वडूजकर तरी दुसरे कोण होते?

तरी मावशींनी विचारलं. काटा खाली ठेवून, शाळेत उभं राहिल्यासारखं उभं राहून त्यांनी दफनभूमीचं सांगितलं. ओक्लाहोमाचे उल्मर कळवळून म्हणाले, "फार लांब पडतं हो." घरं विकणाऱ्यांनी एका गवत कापणाऱ्या कंपनीचं नाव सुचवलं. तरुण उल्मर तिसऱ्यांदा गोड वाढून घेत होता, तो म्हणाला, "सॉरी मॅम." सगळे खरंच चांगले होते. दोनच्या सुमाराला सगळे गेले.

मावशी मोकळ्या हॉलमध्ये बसल्या. हातातल्या रुमालाची घडी घालत होत्या, उलगडत होत्या. शाल आणि नारळ टेबलावर तसेच होते. त्या क्षणी त्यांचा सत्कार करायची माझी छाती होईना.

मी भांडी घेऊन आत गेलो. स्वयंपाकघरात एक बाई सिंकपाशी उभी राहून ताटं धूत होती. तिशी-पस्तिशीची, काळ्याभोर केसांची, जीन्सवर एप्रन. सकाळपासून तीच कॉफी करत होती, तीच पाव गरम करून बाहेर पाठवत होती. मी समजत होतो, ती हॉलवाल्यांची. मी खिशातून नोटा काढल्या आणि म्हणालो, "तुमचे फार उपकार झाले. हे ठेवा."

तिनं नोटांकडे पाहिलं आणि हात पुसले. "मी इथे कामाला नाही," ती म्हणाली. "माझं नाव तेरेसा गार्झा. मी लिओनाची नात."

"लिओना कोण?"

तिनं हनुवटीनं बाहेर, मावशींकडे दाखवलं. "त्यांची थोरली बहीण."

मी नोटा हातात धरून तसाच उभा. तेरेसा गावातच राहत होती, शाळेची बस चालवत होती. तिच्या आजीनं, लिओनानं, गार्झा नावाच्या मेक्सिकन माणसाशी लग्न केलं. वडिलांनी सांगितलं, आजपासून ही उल्मर नाही. त्यानंतर त्या घरात तिचं नाव निघालं नाही. लिओना गेली तेव्हा हायवेपलीकडच्या कॅथलिक दफनभूमीत तिला ठेवली.

"आजी मला शाळेतून आणायची ना," तेरेसा म्हणाली, "तेव्हा त्या टेकडीखाली गाडी थांबवायची. उतरायची नाही. काचेतून वर बघायची आणि मग निघायची. मला वाटायचं, तिथे ती गाय बघते."

"मग तुम्ही समोरून का नाही आलात? बाहेर येऊन बसायचं..."

"पशुखाद्याच्या दुकानात नोटीस वाचली," ती म्हणाली. "त्यात लिहिलं होतं, ज्यांचं आडनाव उल्मर. म्हणून मागच्या दारानं आले."

ते वाक्य माझं होतं. मी लिहिलेलं, ठळक अक्षरांत.

आणि त्या परक्या स्वयंपाकघरात, ताटांच्या वाफेत, मला अचानक सुधाआत्या दिसली. जिलब्यांचं ताट घेऊन पंगतीतून वाकत जाणारी. तिच्या पदराला बिल्ला नव्हता. ती देशमुखांकडे दिलेली, म्हणून वडूजकर संमेलनात ती फक्त वाढायला. इतकी वर्षं ती जिलबी मी गोष्टीत सांगत आलो, पण बिल्ला नव्हता हे एकदाही सांगितलं नव्हतं.

मी व्हॅनमधून प्रिंटर आणला. तेरेसाला विचारलं, "बिल्ल्यावर काय लिहू? उल्मर?"

"का म्हणून? गार्झा लिहा," ती म्हणाली. "आजी गार्झाच होती. खुशीनं होती."

तेरेसा गार्झा असा बिल्ला लावून ती बाहेर गेली आणि मावशींच्या समोरच्या खुर्चीवर बसली. मी दारात उभा राहिलो. पुढे जायचं मला धैर्य नव्हतं आणि मागे जायचंही नव्हतं.

मावशींनी बिल्ला वाचला. मग चेहरा पाहिला. बराच वेळ पाहिला.

"लिओनाचे कान," त्या म्हणाल्या.

"हो, सगळे म्हणतात."

"ती चिडायची कानांवरून काही म्हटलं की."

"मीही चिडते."

टेबलावरच्या शालीकडे बघत मावशींनी मला विचारलं, "ते कुणासाठी आणलंयस?"

"संमेलनातल्या सगळ्यात मोठ्या व्यक्तीसाठी. म्हणजे तुमच्यासाठी."

"मोठी लिओना होती," त्या म्हणाल्या, आणि शाल टेबलावरून सरकवून तेरेसाच्या हातापाशी ठेवली. नारळ स्वतःच्या मांडीवर घेतला. तो कशासाठी असतो हे त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

माफी वगैरे काही झालं नाही. मला वाटलं होतं होईल. मावशी खिडकीबाहेर बघत एकदम म्हणाल्या, "वरचं फाटक ओढून उघडत नाही. आधी वर उचलायचं, मग आत ढकलायचं."

तेरेसा ऐकत होती.

"आणि सोडलं की आपोआप मिटतं, उतारावर आहे म्हणून. गवत कापायचं यंत्र आत नेताना कुणीतरी ते धरावं लागतं. एकटं असलं तर दगड लावायचा. मी दगडच लावत आले." थोडं थांबून म्हणाल्या, "आईच्या डाव्या हाताला जागा आहे. वडिलांनी ती रिकामी ठेवली होती. कुणासाठी, हे ते बोलले नाहीत, आम्ही विचारलं नाही."

संध्याकाळी अर्विंगला परत निघालो. वाटेत एका पेट्रोल पंपावर थांबून कराडला फोन लावला. तिकडे पहाट झाली होती, सुधाआत्या पहाटेच उठते. नव्वदीला टेकली तरी आवाज खणखणीत.

"आत्या, वडूजकर संमेलनात तू कुठे जेवलीस गं?"

"कुठलं संमेलन रे? हां, ते होय. अरे, मागे, शाळेच्या पडवीत. आचाऱ्याबरोबर. तोवर जिलबी संपली होती, बुंदी होती." मग जरा घाबरून, "का रे? काय झालं? मेधा बरी आहे ना?"

"सगळं बरं आहे."

"मग एवढ्या सकाळी जिलबी का आठवली? तू जेवतोस ना नीट?"

मी हो म्हटलं.

या शरदात पुन्हा त्या गावी तंबू लावला. दुसरी खुर्ची मांडली होती. मावशी आता वृद्धाश्रमातून फारशा बाहेर पडत नाहीत. फोनवर सांगत होत्या, "तुझं ते फळ खिडकीत ठेवलंय. हलवलं की आत पाणी वाजतं. इथल्या बायका रोज येऊन हलवून जातात." दुपारी तेरेसा आली, खुर्चीत बसली, आणि तिनंही काही विकत घेतलं नाही. जाताना म्हणाली, "उद्या सकाळी मी वर जाणार आहे. येता?"

सकाळी तिच्या ट्रकमधून आम्ही टेकडीवर गेलो. मागे गवत कापायचं यंत्र आणि पोत्यात गुंडाळलेला एक लहान, सपाट दगड होता. त्यावर 'लिओना गार्झा' इतकंच कोरलं होतं. थडगं हायवेपलीकडेच राहणार होतं, तिकडे तिचा नवरा आहे. हा दगड आईच्या डाव्या हाताला ठेवायचा, असं दोघी मावशी-नातींनी ठरवलं होतं.

मी फाटक ओढलं. उघडेना.

"आधी वर उचला," तेरेसा मागून म्हणाली, अगदी मावशींच्या ठेक्यात. "मग आत ढकला."

फाटक उघडलं. पायाशी एक गुळगुळीत झालेला दगड पडला होता, वर्षानुवर्षं फाटकाला लावून झिजलेला. मी तो उचलायला वाकलो, मग तिथेच राहू दिला. तेरेसा यंत्र घेऊन आत गेली, आणि ती गवत कापत होती तोवर मी फाटक धरून उभा राहिलो.